समोरच्याचा शेवटचा शब्द

प्रश्न : हौशी नाटकात पाठ केलेली भूमिका मी नीट करतो. यंदा मात्र गावच्या जत्रेत दशावतारात, म्हणजे आमच्याकडच्या पौराणिक लोकनाट्यात, उभा राहिलो आणि समोरच्या जुन्या कलाकाराने प्रश्न टाकताच गप्प झालो. संहिताच नसते, तर तयारी कशाची करायची? (कुडाळ)

उत्तर : संहिता नसली तरी आख्यान, म्हणजे पुराणातली कथा, ठरलेलं असतं. कोणामागून कोण येणार, युद्ध कोणाचं कोणाशी, हे पक्कं असतं. तोंडाला रंग लावण्याआधी समोरच्या कलाकाराजवळ बसून तीन गोष्टी विचारून घ्या. तुम्हाला काय म्हणून हाक मारायची? कोणती बातमी किंवा आज्ञा मिळाली की मी आत जायचं? पद, म्हणजे गाणं, कोण घेणार आणि कुठे? नात्याची चूक सर्वांत आधी पकडली जाते. देवळासमोर बसलेल्या आजींना पुराणातली नाती तोंडपाठ असतात.

तुम्ही गप्प झालात, त्याचं कारण बहुधा असं की तो बोलत असताना तुम्ही मनात आपलं वाक्य जुळवत होतात. ते सोडा आणि त्याचा शेवटचा शब्द उचला. तो म्हणाला, ‘राज्य हवं तर युद्धाला उभा राहा’, की तुम्ही ‘युद्ध? आणि तेही सख्ख्या भावाशी?’ इथून सुरू करा. पुढचं सुचायला श्वासभर वेळ मिळतो आणि तो शब्द तुम्हाला लागला हेही प्रेक्षकांना दिसतं. घरी दोघांनी रोज १० मिनिटं याचा सराव करा. पहिले ४-५ दिवस शब्द उचला, मग शब्द न उचलता नुसता आशय उचला. कायम शब्दच उचलत राहिलात तर पोपटपंची होते.

घेण्याइतकंच देणंही महत्त्वाचं. आपलं बोलणं प्रश्नावर, आज्ञेवर किंवा समोरच्याच्या नावावर आणून सोडा, म्हणजे त्याला धरायला काहीतरी मिळतं. आणि नव्या घटना घालू नका. ‘तुझा पुत्र रणात पडला’ असं जोशात म्हणून गेलात आणि तो पुत्र पुढच्या प्रवेशासाठी आत मुकुट बांधत बसला असेल, तर अख्खं आख्यान दुसऱ्याला सावरावं लागतं. युक्तिवाद, राग, उपमा हव्या तेवढ्या वाढवा.

पेटीवाला आणि पखवाजवालाही तुमचे सहकलाकारच आहेत. पदाआधीचं वाक्य थोडं संथ करा, पेटीकडे नजर टाका आणि सूर कानात आल्यावरच तोंड उघडा. घाईत भलत्याच पट्टीत सुरुवात झाली तर वरच्या ओळीला आवाज फाटतो.

प्रश्न : आमच्या नाटकातले निम्मे चाकरमानी मुंबईहून दोनच दिवस आधी येतात. तालीम कशी बसवायची? (गुहागर)

उत्तर : पाठांतर फोनवर करून घ्या, पण वहीत स्वतःच्या वाक्याआधी समोरच्याचे शेवटचे ४-५ शब्दही लिहायला सांगा. नुसती आपली वाक्यं पाठ केलेला नट कुठे बोलायचं तेच विसरतो. सगळे आल्यावर पहिली तालीम संवादांशिवाय, फक्त येणं-जाणं, बसणं-उठणं आणि वस्तू देणं-घेणं यांची घ्या. दुसरी तालीम माईक लावून घ्या. माईक ठाऊक नसले की सगळे एकाच माइकपाशी गोळा होतात आणि एकमेकांना झाकतात.

प्रश्न : रंगमंचावर थप्पड खरी वाटावी, पण लागू नये, यासाठी काय करावं? (मालवण)

उत्तर : मारणाऱ्याने प्रेक्षकांकडे पाठ करावी. हात लांब करून बोटांची टोकं गालापासून वीतभर दूर राहतील एवढं अंतर धरावं. आधी दोघांची नजरानजर व्हावी आणि मार खाणाऱ्याने डोळ्यांनी होकार दिल्यावरच हात सुटावा. आवाज मार खाणाऱ्याने काढायचा, पोटाजवळ झाकलेल्या हातांनी एकच टाळी वाजवून. टाळी आणि मानेचा झटका एकाच क्षणी यायला हवा. मान आधी वळली तर खोटेपणा दिसतो. अंगठ्या, कडी काढून ठेवा. संथ गतीत १० वेळा अचूक जमल्याशिवाय वेग वाढवू नका आणि प्रयोगाच्या दिवशी रंगमंचाच्या फळ्यांवर उभं राहून अंतर पुन्हा मोजा.