दशांशाचं पाकीट आणि दुधाची डायरी

"ताई, देवाला दिलं की देव देतो म्हणतात. मी उसने काढून दिले. मग माझ्याच घरात वीस तारखेला खडखडाट का?"

या बाई लोकमान्यनगरातून आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) खासगी शाळेत बारा हजार पगार, नवऱ्याचं दुकान बंद, मुलगी बारावीला. दशांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा देवाला, चुकला की आशीर्वाद अडतो, हे कुठल्याशा सभेत ऐकलेलं मनात घट्ट बसलेलं. म्हणून एक तारखेला बाराशे रुपये पाकिटात. गेले तीन महिने तर जावेकडून आणून. देण्याची धास्ती घेऊन इंदूरात माझ्याकडे बरेच जण येतात, पण उसना दशांश मी पहिल्यांदाच ऐकला.

बायबलमधलं मलाखी ३:१०, सगळा दशांश भांडारात आणा म्हणणारं वचन, त्यांना तोंडपाठ. मी १ राजे १७ उघडलं. सारफथची विधवा, दुष्काळात एलीया संदेष्टा जिच्याकडे गेला ती. "एलीयानं भाकर मागितली ती कुठल्या पिठाची?" त्या गप्प. मडक्यात मूठभर होतं, त्यातलीच. शेजारून पीठ आण, असं तो म्हणाला नाही. मडकं काठोकाठ भरलं असंही तिथे नाही; पीठ सरलं नाही, एवढंच. म्हणजे त्या बाईनं रोज तळाशीच हात घातला असणार. हे माझं वाचन, पाळकसाहेब कदाचित वेगळं सांगतील.

"पण मार्काच्या शुभवर्तमानातल्या विधवेनं तर मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या, दोन क्षुल्लक नाणी, होतं नव्हतं सगळं टाकलं!" बाई हुशार. म्हटलं, टाकलं ते तिचं स्वतःचं होतं. आणि मार्क १२:४० वाचा, त्या गोष्टीच्या जरासं आधीचं. विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांबद्दल येशू काय म्हणतो ते. त्यांनी वाचलं, चष्मा काढून पुसला.

मग दुधाची डायरी निघाली. बाकी १,८४० रुपये. "भैया आला की मी दार अर्धंच उघडते. पातेलं बाहेर धरते, तोंड आत."

मी म्हटलं, पहिलं आज्ञापालन तिथे आहे. दार पूर्ण उघडा, हप्त्यानं देते म्हणून सांगा. त्यांना हे रुचलं नाही. "यात देवाचं काय?" म्हणाल्या आणि पुढचे दोन आठवडे फिरकल्या नाहीत. मला वाटलं, गेल्या.

आल्या तेव्हा दुधाचे पाचशे फिटले होते. चर्चमध्ये पाकिटात शंभर घातले, आणि वर्गणीची यादी वाचायच्या वेळी उठून बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. लाज सोपी नसते. त्या दिवशी मी त्यांना मिझोरामच्या बायकांचं सांगितलं: १९१० पासून तिथे स्वयंपाकाआधी मूठभर तांदूळ मंडळीसाठी, म्हणजे चर्चसाठी, बाजूला काढतात. पैशाचा प्रश्नच नाही, रोजच्या तांदळातली एक मूठ.

आता त्यांच्या ओट्यावर हॉर्लिक्सची जुनी बरणी असते. वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणारा मुलगा तापानं पडला, तेव्हा तिच्यातल्या तांदळाची पेज त्याला गेली.

दुकान अजून बंदच आहे. जावेचे पैसे बाकी आहेत. परवा फोन आला, "ताई, काल मूठ जरा लहानच घेतली. चालेल ना?"

"घरात तांदूळ किती होता?"

"दोन वाट्या."

"मग तेवढीच मूठ होती ती."