वाचक विचारतात: शिंगांचा क्रॅम्पस आणि फुलांच्या गाई

प्रश्न: माझी लेक ऑस्ट्रियात साल्झबुर्गला असते, नातू पाच वर्षांचा. डिसेंबरात तिने व्हिडिओ पाठवला, शिंगंवाले केसाळ राक्षस रस्त्यात लोकांच्या पायांवर काटक्या मारतायत आणि लोक हसतायत! यंदा नातवालाही नेणार म्हणते. हे अघोरी नाही का?
— एक आजी, नौपाडा, ठाणे

उत्तर: आजी, अघोरी नाही हो, त्याला क्रॅम्पस म्हणतात. ५ डिसेंबरची रात्र त्याची आणि ६ तारखेला संत निकोलसचा सण. निकोलस बिशपच्या पोशाखात येतो, शहाण्या पोरांना अक्रोड, संत्री, चॉकलेट देतो आणि क्रॅम्पस वात्रट पोरांना दम देतो, म्हणजे आपला बागुलबुवाच, फक्त हा नुसता नावाला नसतो, खरंच दारात येऊन उभा राहतो. मुखवटा लाकडात कोरलेला, अंगावर बकरी-मेंढीची कातडी, कमरेला मोठाल्या घंटा. गास्टाइन खोऱ्यात तर ही मंडळी निकोलससोबत अजून घरोघर फिरतात. तुम्ही जव्हार-मोखाड्याचा बोहाडा ऐकला असेल ना, २०१४ पर्यंत तो भाग आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता, तिथेही देव-दानवांचे मुखवटे घालून रात्री नाचतात, तसंच समजा.

पण नातवाला रात्रीच्या मोठ्या मिरवणुकीत आत्ताच नको असं मला वाटतं, गर्दी असते, काटक्या लागतात आणि पाच वर्षांचं पोर खरंच घाबरतं. त्याला आधी निकोलस भेटू दे. आणि तिकडे २४ डिसेंबरला भेटवस्तू सांताक्लॉज नाही, क्रिस्टकिंड म्हणजे बाळ येशू आणतो, संध्याकाळी छोटी घंटी वाजते मगच पोरांना सजवलेल्या झाडाच्या खोलीत सोडतात. श्टायर शहराजवळ क्रिस्टकिंडल नावाची जागाच आहे, तिथे १९५० पासून नाताळात खास पोस्ट ऑफिस उघडतं. लेकीला सांगा, तिथला शिक्का मारून नातवाचं एक पत्र नौपाड्याला येऊ दे.

प्रश्न: सप्टेंबरअखेर आम्ही चौघं ऑस्ट्रियातल्या टिरोलला जातोय. टूरवाला केबल कार आणि शॉपिंगच्या पुढे काही बोलत नाही. तिथल्या लोकांचं असं काही बघायला मिळेल का?
— एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई

उत्तर: अहो, तुम्ही अगदी नेमक्या वेळी चाललायत! उन्हाळाभर डोंगरावरच्या कुरणात चरायला ठेवलेली गुरं सप्टेंबर-ऑक्टोबरात गावात खाली आणतात, त्याला आल्मआब्ट्रीब म्हणतात. पुढच्या गाईच्या डोक्यावर फुलांचा, डहाळ्यांचा, रिबिनींचा मोठा मुकुट, कधी त्यात आरसाही, गळ्यात ही भलीमोठी घंटा, कारण घंटेच्या आवाजाने आणि आरशाने वाईट शक्ती लांब राहतात अशी जुनी समजूत. आपल्या पोळ्याला बैलाच्या शिंगांना बेगड लावतो, झूल घालतो तोच जीव इथेही लावलेला दिसतो.

मला यातली सगळ्यात भिडणारी गोष्ट वेगळीच आहे. त्या उन्हाळ्यात डोंगरावर एखादं जनावर दगावलं किंवा त्या शेतकऱ्याच्या घरात कोणी गेलं तर गाईंना सजवत नाहीत, कळप तसाच साधा खाली येतो आणि सगळ्या गावाला न सांगता कळतं की या घरात यंदा दुःख आहे. आपल्याकडे घरात कोणी गेलं की त्या वर्षी सण करत नाहीत, दारावर तोरण नसलं की शेजारी समजून घेतात, तसंच हे, फक्त तिकडे गाईसाठीसुद्धा पाळतात. म्हणून असा बिनफुलांचा कळप दिसला तर फोटोसाठी पुढे धावू नका, बाजूला उभे राहा.

झिलरटाल खोऱ्यात मायरहोफेनचा सोहळा प्रसिद्ध आहे. तारीख गावागणिक आणि दरवर्षी बदलते, तेव्हा निघायच्या आधी तिथल्या पर्यटन ऑफिसला मेल टाका आणि टूरवाल्याकडून एक दिवस मोकळा मागून घ्या.