सीआरपी वाढलं म्हणून मन खचतं का?

प्रश्न (एक वाचक भगिनी, दारव्हा तालुका): माझ्या जाऊबाईंना वर्षभरापासून नैराश्याची गोळी सुरू आहे, पण फरक अर्धाच. यवतमाळला रक्त तपासलं तर सीआरपी ०.८ आणि ईएसआर ५५ (अंगातली सूज सांगणाऱ्या दोन तपासण्या) आला. तिथल्या माणसाने सांगितलं, "अंगात सूज आहे, म्हणूनच मन लागत नाही." अंगावर तर कुठेच सूज दिसत नाही.

उत्तर: ही सूज डोळ्यांना दिसत नाही. पायात काटा मोडला की तिथे लाली येते, ठणका लागतो. रोगप्रतिकारक पेशी तेच काम शरीरभर मंद आचेवर करत राहिल्या, की त्याला दाह म्हणतात. या पेशी इंटरल्युकिन-६, टीएनएफ अशी रसायनं रक्तात सोडतात आणि त्यांचा निरोप मेंदूपर्यंत जातो. ताप चढल्यावर जेवण नको, बोलणं नको, बाजेवरून उठणं नको असं होतं ना? तो याच निरोपाचा परिणाम. हेपटायटिस सी साठी पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं देत. ती दाहाची यंत्रणा चेतवतात, आणि ती घेणाऱ्या साधारण चौघांतल्या एकाला तरी औषध सुरू असताना नैराश्य येई.

पण याचा अर्थ प्रत्येक नैराश्यामागे दाह असतो असा नाही. नैराश्याच्या रुग्णांपैकी साधारण चौथ्या हिश्शातच सीआरपी लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या वर सापडतं. २०१३ साली ६० रुग्णांवरच्या एका चाचणीत टीएनएफ रोखणारं इन्फ्लिक्सिमॅब देऊन पाहिलं. सगळ्यांचा हिशेब धरता ते खोट्या औषधापेक्षा सरस ठरलं नाही. ज्यांचं सीआरपी मुळात ५ च्या वर होतं, त्यांच्यातच फायद्याची चिन्हं दिसली.

आता तुमचा कागद. आधी एकक बघा. ०.८ पुढे 'प्रति डेसिलिटर' असेल तर ते लिटरमागे ८ होतं, म्हणजे वाढलेलं. 'प्रति लिटर' असेल तर अगदी व्यवस्थित. या एका शब्दावरून बरेच लोक विनाकारण घाबरतात, नाहीतर विनाकारण निर्धास्त राहतात. आकडा लिटरमागे १० च्या वर असेल तर ताजा संसर्ग शोधायचा: सर्दी-ताप, दाढेतला पू, लघवीची जळजळ. तो बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासायचं. उपाशीपोटी जायची गरज नाही.

ईएसआरवर तर आपल्या भागात एकट्याने विसंबूच नये. हिमोग्लोबिन ८-९ असलं की तो तसाही वाढतो, आणि सिकलसेलमध्ये (रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) उलट फसवा कमी येतो. त्यामुळे हिमोग्लोबिन, थायरॉइडची टीएसएच, बी-१२ आणि सिकलसेल झालेलं नसेल तर तेही करून घ्या. यातल्या पहिल्या तिन्हींत काही बिघाड निघाला तर त्यानेही थकवा आणि उदासी येऊ शकते. दाहाचं मूळ मग हिरड्यांत (खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, खात असतील तर तोंड आधी तपासा), पोटाच्या घेरात किंवा जुन्या सांधेदुखीत शोधावं. आणि गोळी रोज न चुकता घेतली जाते का? पुरेशा मात्रेत सहा आठवडे झाले का? अर्ध्या फरकाचं कारण बऱ्याचदा इथेच निघतं.

जाऊबाई "जगून काय करू" म्हणू लागल्या तर रिपोर्टची वाट पाहू नका. १४४१६ हा टेली मानसचा नंबर फुकट आहे, दिवसरात्र मराठीत बोलतात. त्यांना एकटं सोडू नका आणि घरातलं फवारणीचं औषध त्याच दिवशी घराबाहेर न्या.

प्रश्न (एक वाचक, अकोट तालुका): माह्या भावाले बायपोलर हाय, लिथियम सुरू हाय. उन्हात वावरातून आला का सांधे दुखतेत, तं मेडिकलवरून डायक्लोफेनॅक घेते. सूज उतरली का मनही थाऱ्यावर येते म्हनतेत. घेऊ द्याव काय?

उत्तर: नाही. बायपोलर म्हणजे कधी उन्माद, कधी नैराश्य असा मनाचा आजार, आणि लिथियम हे त्यावरचं औषध. ते शरीरातून जातं ते मूत्रपिंडावाटेच. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन या गोळ्या ती वाट आखडतात आणि लिथियम रक्तात साचतं. वर एप्रिल-मेचं ऊन: घामाने पाणी आणि मीठ गेलं की मूत्रपिंड मीठ राखून ठेवतं, त्याच्यासोबत लिथियमही. रक्तातली नेहमीची पातळी ०.६ ते १.०, आणि १.५ च्या वर विषबाधेची लक्षणं दिसू लागतात. इतकं कमी अंतर आहे.

हातांची जोरात थरथर, उलटी-जुलाब, झोकांड्या, जीभ जड होणं ही खूण. माणूस पिऊन आला असं समजून घरचे झोपवून ठेवतात, हा मोठा घात. पुढची गोळी देऊ नका आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय गाठा.

दुखण्यावर पॅरासिटॅमॉल ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम, दिवसभरात ३ ग्रॅमच्या आत. दारू किंवा लिव्हरचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून. पाणी भरपूर, जेवणातलं मीठ अचानक तोडू नका. रक्तदाबाच्या काही गोळ्याही लिथियम वाढवतात, तेव्हा नवी गोळी सुरू होताना लिथियमचं नाव सांगाच. लिथियमचं रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं. लिथियम आपल्या मनाने बंद करू नका.

कागदाच्या पुडीतल्या बिननावाच्या गोळ्या तर नकोच. चिकनगुन्यानंतर लोक त्या महिनोन्‌महिने घेतात. दोन दिवसांत सांधे मोकळे झाले तर त्यात स्टिरॉइड असण्याची शंका धरा. त्याने बायपोलरच्या माणसाची झोप उडून उन्माद उसळू शकतो. बरेच दिवस घेतल्या असतील तर एकदम तोडणंही धोक्याचं, डॉक्टरच उतरवतील.

प्रश्न (एक वाचक, समुद्रपूर तालुका): वायगावच्या हळदीने आणि जवसाच्या चटणीने दाह उतरतो का?

उत्तर: स्वयंपाकात दोन्ही खुशाल ठेवा. पण साध्या हळदीत कर्क्युमिन (हळदीतला पिवळा घटक) असतं शेकडा ३ च्या आसपास, तेही आतड्यातून जेमतेम शोषलं जातं. मिरीचा अर्क घातलेल्या कॅप्सूलने शोषण वाढतं खरं, मात्र दुसऱ्या औषधांचंही वाढू शकतं. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर टाळा. जवसातलं ओमेगा-३ (एक प्रकारचं स्निग्ध आम्ल) वनस्पतीच्या जातीचं. नैराश्यावर थोडाफार पुरावा आहे तो माशाच्या तेलातल्या ईपीए नावाच्या ओमेगा-३ चा, आणि जवसातून शरीर ते फारच थोडं बनवतं. अख्खं जवस न पचता तसंच बाहेर पडतं. म्हणून मंद आचेवर भाजून कुटा, आठवड्यापुरतंच. कुटलेलं लवकर खवट होतं.