लडाखमध्ये एवढं ऊन असताना सैन्य रॉकेल का साठवतं?

तुमचा प्रश्न असा, की लडाखमध्ये जवळजवळ वर्षभर लख्ख ऊन असतं, तर सैन्य सौरऊर्जा वापरायची सोडून दर उन्हाळ्यात ट्रकच्या ट्रक रॉकेल-डिझेल वर का नेतं. मी एएससीत होतो, म्हणजे सैन्याला शिधा आणि इंधन पोचवणाऱ्या कोअरमध्ये. दोन उन्हाळे लेहच्या बाजूला याच साठवणीच्या कामावर काढलेत.

वर खरी गरज उष्णतेची असते, विजेची त्यामानाने थोडी. दिवे आणि वायरलेस पॅनेलवर चालतात. पण जानेवारीच्या रात्री बंकर उबदार ठेवायचा, बर्फ वितळवून पाणी करायचं, हे सगळं बुखारी (खोली तापवायची शेगडी) आणि स्टोव्हवर होतं. एक लिटर रॉकेलचं वजन सुमारे 800 ग्रॅम, आणि त्यातून जवळपास 10 युनिट उष्णता मिळते. तेवढी ऊर्जा लिथियम बॅटरीत साठवायची तर 60-70 किलो ओझं होतं, शिवाय शून्याखाली चार्ज करण्याआधी त्या बॅटरीलाच ऊब द्यावी लागते. बॅटरी एकदाच न्यायची आणि रॉकेल दरवर्षी, हे मान्य. म्हणूनच सौरऊर्जेसाठी धडपड चाललीय. पण रस्ता संपल्यावर पुढे खेचरं आणि पोर्टर असतात, तिथे आधी वजनच बघितलं जातं.

नियोजनाचा हिशेब उलटा लागतो. श्रीनगर-लेह रस्त्यावरची झोजिला खिंड बर्फाने बंद झाल्यावर किती दिवस काढायचे, माणसं किती, दरडोई दररोज इंधन किती, खिंड उशिरा उघडली तर राखीव किती. हे सगळं मे ते ऑक्टोबरमध्ये वर पोचलं पाहिजे. जून 2020 मध्ये गलवानची चकमक झाली आणि वाढीव हजारो जवानांचा हिवाळा उरलेल्या चार-पाच महिन्यांत उभा करावा लागला. तेव्हा मी निवृत्त झालो होतो, पण बातम्या वाचताना मनात जेरीकॅनच मोजत होतो.

साधं डिझेल कडक थंडीत मेणासारखं घट्ट होतं. 2019 मध्ये इंडियन ऑइलने उणे 33 अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल आणलं, तो मोठा दिलासा. त्याच वर्षी श्रीनगर-लेह 220 केव्ही वीजवाहिनीही सुरू झाली, पण दूरच्या चौक्यांना तिचा थेट उपयोग नाही. तशा ठिकाणांसाठी एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीने पूर्व लडाखमधल्या चुशूलला, 4,400 मीटरवर, 200 किलोवॅटचा प्रकल्प हाती घेतला: दिवसा उन्हावर हायड्रोजन तयार करायचा, रात्री त्याची वीज.

माझं मत विचाराल तर पैसा आधी भिंतींवर घालावा, मग पॅनेलवर. लडाखचे अभियंते सोनम वांगचुक यांनी 2021 मध्ये जवानांसाठी रॉकेलशिवाय उबदार राहणारा तंबू करून दाखवला. दिवसाचं ऊन साठवायचं आणि रात्री ऊब बाहेर जाऊ द्यायची नाही, एवढंच तत्त्व. बुखारीच्या धुराने झोपेतच जीव जाऊ शकतो, म्हणून आम्ही रात्रभर पाळीपाळीने एकाला जागं ठेवायचो. अशा तंबूत तोही माणूस झोपू शकेल.