२०१४ सालचा डेस्कटॉप जुने भाग ठेवून सुधारता येईल का?

तुमच्या प्रश्नातली माहिती अशी आहे: कोअर आय५-४४६० प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी डीडीआर३ रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क, विंडोज १० आणि कॅबिनेटसोबतच आलेला पॉवर सप्लाय. हिशेबाचे सॉफ्टवेअर, ब्राउझर आणि मराठी अक्षरजुळणी एवढेच काम आहे, तरी सकाळी बटण दाबल्यापासून हाताशी यायला यंत्राला सहा-सात मिनिटे लागतात, आणि दुकानदाराने "याच्यात आता काही अर्थ नाही, नवीनच घ्या" असे सांगितले. मी पुण्यात लहान कार्यालयांच्या संगणकांची देखभाल करतो आणि याच पिढीची यंत्रे माझ्या हाताखालून सतत जातात. त्या अनुभवावरून सांगतो की तुमच्या यंत्रातले बहुतेक भाग ठेवण्याजोगे आहेत. मात्र कोणता भाग कोणाशी बांधलेला आहे, हे आधी समजून घ्यायला हवे. नाहीतर पैसे नको तिथे खर्च होतात.

प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम हे तीन भाग एकमेकांत अडकलेले असतात. तुमच्या मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये इंटेलच्या चौथ्या पिढीचेच प्रोसेसर बसतात आणि रॅमच्या खाचेत डीडीआर३ पट्टीच बसते. डीडीआर४ पट्टीची खाच वेगळ्या जागी असल्याने ती आत जातच नाही. त्यामुळे नव्या पिढीचा प्रोसेसर घ्यायचा म्हटले की तिन्ही भाग बदलावे लागतात. याउलट कॅबिनेट, डिस्क, पॉवर सप्लाय, मॉनिटर, कीबोर्ड हे भाग सुटे आहेत. ते या यंत्रातही चालतात आणि उद्या नवीन मदरबोर्ड घेतला तर त्यांतले बरेचसे त्यालाही जोडता येतात. म्हणून आज जो खर्च कराल तो शक्यतो सुट्या भागांवर करा, आणि त्या तीन अडकलेल्या भागांवर अगदी जरुरीपुरताच करा.

खर्चाच्या आधी एक तपासणी करा. यंत्र सुरू झाल्यावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि पहिली पाच मिनिटे डिस्क, मेमरी आणि सीपीयू या तीन रकान्यांकडे पाहत राहा. माझी खात्री आहे की डिस्कचा आकडा १०० टक्क्यांवर चिकटून बसलेला दिसेल, मेमरी काठोकाठ भरलेली असेल आणि प्रोसेसर मात्र बहुतांश वेळ रिकामा असेल. कॅबिनेटला कान लावलात तर हार्ड डिस्कची सततची कुरकुरही ऐकू येईल. मिनिटाला ७,२०० फेऱ्या घेणाऱ्या तबकडीला एक फेरी पूर्ण करायला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात, त्यात वाचणारे टोक जागेवर सरकण्याचा वेळ मिळवला की इकडेतिकडे विखुरलेल्या फाइली ती सेकंदाला जेमतेम शंभराच्या आसपास वेळा उचलू शकते. विंडोज सुरू होताना अशा हजारो लहान फाइली मागते. विलंब तिथे आहे. चार कोअरचा, ३.२ गिगाहर्ट्झचा तुमचा प्रोसेसर आजही या कामांना पुरेसा आहे.

म्हणून पहिला खर्च अडीच इंची साटा एसएसडीचा, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या, चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कचा. (साटा ही डिस्क मदरबोर्डला जोडण्याची पद्धत.) २५० जीबीची तुम्हाला पुरेल, ५०० जीबीची घेतलीत तर पुढच्या यंत्रातही उपयोगी पडेल. एच८१ चिपसेटवर चार साटा पोर्ट असतात. त्यांपैकी दोन ६ गिगाबिटचे आणि दोन ३ गिगाबिटचे. कोणते कोणते हे मदरबोर्डच्या पुस्तिकेत दिलेले असते, आणि बरेचदा पोर्टचा रंगही वेगळा असतो. एसएसडी ६ गिगाबिटच्या पोर्टला लावा आणि जुनी हार्ड डिस्क ३ गिगाबिटच्या पोर्टवर हलवा, तिचा वेग त्याने कमी होणार नाही. बायॉसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, साटाची पद्धत एएचसीआय (नवी) असल्याची खात्री करा. ती आयडीई (जुनी) असेल आणि विंडोज जुनीच ठेवायची असेल, तर एकदम बदलू नका, नाहीतर निळा पडदा येऊन यंत्र अडते. पॉवरची पिन कमी पडली तर दुकानात जोडणीची छोटी वायर मिळते, पण जिच्या टोकाला तारा प्लास्टिकमध्ये ओतून बंद केलेल्या असतात ती घेऊ नका, कारण तशा जोडण्या आतल्या आत वितळून जळतात. एनव्हीएमई प्रकारची (साटाऐवजी वेगळ्या, जास्त वेगवान पद्धतीने जोडली जाणारी) डिस्क अ‍ॅडॉप्टर कार्डावर लावण्याचा सल्ला कोणी दिला तर तो टाळा. या पिढीच्या बहुतेक मदरबोर्डांना त्या डिस्कवरून सुरू होता येत नाही.

दुसरा खर्च रॅमचा. तुमच्या मदरबोर्डवर दोनच खाचा आहेत आणि कमाल मर्यादा १६ जीबी आहे. सध्याच्या पट्टीसोबत ४ जीबीची दुसरी लावली तरी दोन्ही पट्ट्या जोडीने काम करतात आणि, वेगळे ग्राफिक्स कार्ड नसल्याने मुख्य रॅममधूनच चालणाऱ्या चित्रदर्शनालाही त्याचा फायदा होतो. तुमच्या कामाला ८ जीबी भागतील; ब्राउझरमध्ये वीस-पंचवीस टॅब उघडे ठेवण्याची सवय असेल तर ८ जीबीच्या दोन पट्ट्या घ्या. डीडीआर३ आता बहुधा जुन्या बाजारातूनच घ्यावी लागते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत चौकशी केलीत तर मिळेल, पण दुकानातच यंत्रात लावून दाखवायला सांगा. ऑनलाइन फारच स्वस्तात दिसणाऱ्या काही पट्ट्या फक्त एएमडीच्या मदरबोर्डवर चालतात, इंटेलवर यंत्र सुरूच होत नाही; वर्णनात तसे बारीक अक्षरांत लिहिलेले असते. पट्टी बसवताना दोन्ही बाजूंचे खटके आपोआप मिटेपर्यंत दाबा. जुनी पट्टी काढलीच आहे तर तिच्या सोनेरी कडा पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने पुसून घ्या.

आता जो भाग ठेवू नये त्याविषयी मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण सगळ्यात जास्त दुर्लक्ष तिथेच होते. कॅबिनेटसोबत आलेला पॉवर सप्लाय काढून त्याच्या बाजूचे लेबल वाचा. वर मोठ्या अक्षरांत ४५० वॉट असले तरी १२ व्होल्टच्या ओळीत १६ अँपिअर लिहिलेले मी अनेकदा पाहिले आहे. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॉट, आणि यंत्राचा मुख्य भार त्याच ओळीवर असतो. तुमचे यंत्र तेवढ्यावरही चालते, म्हणून इतकी वर्षे काही जाणवले नाही. पण आतले कपॅसिटर, म्हणजे वीज स्थिर ठेवणारे भाग, वर्षागणिक कमजोर होत जातात. एका कार्यालयात असाच जुना पॉवर सप्लाय विजेच्या चढउतारात गेला आणि जाताना हार्ड डिस्कचे सर्किट जाळून गेला. तीन वर्षांचे हिशेब त्या डिस्कवर होते आणि बॅकअप कुठेच नव्हता. तेव्हापासून एसएसडी लावण्याआधी मी पॉवर सप्लायचा विषय काढतोच. ८० प्लस प्रमाणित (वीज कमी वाया घालवण्याचे प्रमाणपत्र असलेला), ४५० वॉटचा, प्रोसेसरसाठी ८ पिनांची जोडणी असलेला पॉवर सप्लाय घ्या. पॉवर सप्लाय आणि कॅबिनेट यांच्या मापांचा एटीएक्स हा साचा १९९५ पासूनचा आहे, त्यामुळे तो तुमच्या कॅबिनेटमध्ये बसेल आणि पुढच्या मदरबोर्डलाही उपयोगी पडेल.

कॅबिनेट उघडलेच आहे तर आणखी दोन कामे करून घ्या. प्रोसेसरवरच्या पंख्याखालची थर्मल पेस्ट इतक्या वर्षांत वाळून खडूसारखी झालेली असते. पंख्याचे चारही खटके फिरवून मोकळे करा, जुनी पेस्ट पुसा आणि मध्यभागी वाटाण्याच्या दाण्याएवढी नवीन लावा. मदरबोर्डवरची नाण्याच्या आकाराची सीआर२०३२ बॅटरीही बदला, म्हणजे घड्याळ मागे पडणार नाही.

प्रोसेसर बदलू नका. याच सॉकेटचा आय७-४७९० जुन्या बाजारात मिळतो, पण त्यातही कोअर चारच आहेत, आणि तुमच्या कामात तो फरक हाताला जाणवणार नाही. तुमच्याकडे पेंटियम असता तर माझे उत्तर वेगळे असते. ग्राफिक्स कार्डाचीही गरज दिसत नाही. यूट्यूबचे चित्र अडखळत असेल, तर कारण असे की तुमच्या प्रोसेसरमधले ग्राफिक्स व्हीपी९ पद्धतीचे (यूट्यूब व्हिडिओ आटवून पाठवते ती एक पद्धत) चित्र पूर्णपणे स्वतः उलगडू शकत नाही आणि बराचसा भार प्रोसेसरवर येतो. १०८०पी पर्यंत तो भार प्रोसेसर सहज उचलतो, त्यामुळे तेवढ्यासाठी खर्च नको.

विंडोजचा प्रश्न खरा आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) व इंटेलच्या आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर लागतो. अटींना वळसा घालून विंडोज ११ टाकता येते, पण अशा यंत्रांना अद्यतने मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या यंत्रावर ग्राहकांचे हिशेब आणि बँकेचे व्यवहार आहेत, त्यावर मी तसे करणार नाही. बँक आणि ब्राउझरसाठी एसएसडीवर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली टाका. २२ व्या आवृत्तीला २०२९ पर्यंत सुरक्षा-अद्यतने आहेत आणि मराठी इनस्क्रिप्ट कळफलक त्यात आहे. हिशेबाचे आणि अक्षरजुळणीचे सॉफ्टवेअर विंडोजवरच चालत असेल तर ते डिस्कच्या वेगळ्या विभागात (पार्टिशनमध्ये) विंडोज १० वर ठेवा आणि त्या विभागातून इंटरनेट वापरू नका. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा परवाना चालायला इंटरनेट लागत असेल, तर विक्रेत्याला आधी विचारून घ्या.

अक्षरजुळणीचा उल्लेख तुम्ही केलात म्हणून विचारतो, तुमच्या सॉफ्टवेअरला हार्डवेअर लॉक, म्हणजे परवाना तपासण्यासाठी यंत्राला जोडावे लागणारे छोटे उपकरण, आहे का? तो जुन्या पॅरलल पोर्टचा (जुने प्रिंटर जोडायच्या रुंद जोडणीचा) असेल तर हा मदरबोर्ड जपण्याचे तेच सर्वांत मोठे कारण ठरेल. नव्या मदरबोर्डांवर तो पोर्ट सहसा नसतो, आणि प्रिंटरसाठी मिळणाऱ्या यूएसबी जोडणीवर असे लॉक सहसा चालत नाहीत. एच८१ च्या काही मदरबोर्डांवर या पोर्टच्या २६ जागांच्या पिना असतात, तिथे पट्टीची वायर जोडून पोर्ट मागे काढता येतो. जुन्या नॉन-युनिकोड फाँटमधल्या फाइली त्याच सॉफ्टवेअरमध्ये नीट उघडतात, म्हणून घाईने ते काढून टाकू नका.

शेवटी जुन्या हार्ड डिस्कविषयी. तिची प्रकृती क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तपासा. री-अ‍ॅलोकेटेड सेक्टरचा (खराब झाल्याने बदललेल्या जागांचा) आकडा शून्य असेल तर तिला साठवणीसाठी ठेवा, आणि वाढत असेल तर आजच सगळे बाहेर काढा. एसएसडीवर प्रत करून झाली की पहिल्यांदा सुरू करताना जुन्या डिस्कची वायर काढून ठेवा. एका ग्राहकाकडे मी दोन्ही जोडून ठेवल्या होत्या, बायॉसमधला क्रम बदलायचा राहिला आणि ते पंधरा दिवस जुन्याच डिस्कवर काम करत राहिले. नव्या नोंदी कुठल्या आणि जुन्या कुठल्या हे जुळवायला आम्हाला दोघांना पूर्ण रविवार लागला. एसएसडीवर महिनाभर काम सुरळीत चालले, हिशेब आणि अक्षरजुळणीच्या फाइली उघडून पाहिल्या आणि एक प्रत बाहेरच्या डिस्कवर गेली, की मगच जुनी डिस्क पुसून पुन्हा जोडा.