वाचक विचारतात : गुणी फुटबॉलपटू घडवताना

प्रश्न : आमच्या शाळेच्या संघात तेरा वर्षांचा एक मुलगा आहे. चेंडू मिळाला की तिघा-चौघांना चकवून गोल करतो. बाकीची मुलं आता डोळे झाकून चेंडू त्याच्याकडेच देतात आणि बघत उभी राहतात. त्याला सतरा वर्षांखालील मुलांत खेळवावं का? सरावात वेगळं काय करावं?
— क्रीडाशिक्षक, सांगली

उत्तर : तो पुढे कशामुळे आहे, हे आधी शोधा. मुलांची उंची सर्वांत वेगाने वाढते ती सरासरी चौदाव्या वर्षाच्या आसपास. पण कुणाची बाराव्या वर्षीच, तर कुणाची सोळाव्या. म्हणजे एकाच वर्गातल्या दोन मुलांच्या शरीरांत तीन-चार वर्षांचा फरक असू शकतो. त्यात वयोगट १ जानेवारीपासून मोजतात, त्यामुळे जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरमधल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असूनही दोघे एकाच गटात येतात.

दर तीन महिन्यांनी उंची मोजा. तीच भिंत, अनवाणी पाय, टाचा भिंतीला, आणि वेळ सकाळचीच. संध्याकाळपर्यंत मणक्यांवर दाब येऊन उंची साधारण सेंटिमीटरभर कमी भरते. वाढीच्या झपाट्याआधी वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढ होते. तीन महिन्यांत दोन किंवा जास्त सेंटिमीटर भरली, तर झपाटा सुरू झालाय असं समजा. मग त्याचा खेळ नीट पाहा. चेंडू पायाशी ठेवून वळत-थांबत चकवतो, की पाच मीटर पुढे ढकलून धावत गाठतो? दुसरा प्रकार असेल तर आज त्याला वेग जिंकून देतोय. सोळाव्या वर्षी बाकीचे तेवढेच पळू लागले, की हाती काही उरत नाही.

याची दुसरी बाजू विसरू नका. तुमच्या बाकावर बसलेला बुटका मुलगा कदाचित उशिरा वाढणारा असेल. जेमी व्हार्डीला सोळाव्या वर्षी शेफिल्ड वेन्सडे क्लबने अंगाने लहान म्हणून सोडलं होतं. पुढे २०१६ मध्ये लेस्टरने प्रीमियर लीग जिंकली, तेव्हा तो त्यांचा मुख्य स्ट्रायकर होता.

सतरा वर्षांखालच्या संघात उडी नको. आठवड्याचे तीन सराव असतील, तर एक पंधरा वर्षांखालच्या मुलांबरोबर द्या, दोन स्वतःच्या गटात. सामने स्वतःच्या गटातच. मोठ्यांत त्याची धाव आणि धक्का चालत नाही, तिथे चेंडू लवकर सोडायला आणि आधी बघायला तो शिकतो. आपल्या गटात तो धाडस करतो, नवी चकवणी करून बघतो, संघ ओढतो. फक्त मोठ्यांतच ठेवलं तर मुलं हळूहळू चकवणंच सोडतात आणि सुरक्षित पास देणारा एक साधारण खेळाडू उरतो. हे नुकसान सहज भरून येत नाही.

सरावाचा गाभा म्हणजे चारास चार सामना. मैदान ३० बाय २० मीटर, चार मिनिटांचा डाव, दोन मिनिटं विश्रांती, असे सहा डाव. इथे बहुतेक प्रशिक्षक चुकतात : त्या मुलाला सगळीकडे दोन स्पर्शांची अट घालतात, म्हणजे चेंडूला दोनदाच पाय लावून तो सोडायचा. जे त्याच्याकडे जन्मजात आहे तेच आपण बांधून टाकतो. अट मैदानाच्या भागावर घाला. स्वतःच्या अर्ध्यात दोनच स्पर्श, समोरच्या गोलजवळच्या एक-तृतीयांश भागात हवे तेवढे. ते जमलं की विरुद्ध संघाला सांगा, त्याला नेहमी दोघांनी घेरायचं. दोघे त्याच्यावर गेले म्हणजे कुणीतरी मोकळा आहे, तो शोधायचं काम त्याचं. त्याच्या पासवर झालेला गोल दोन धरा. मग बघत उभी राहणारी मुलं आपसूक मोकळ्या जागेत पळू लागतात, कारण आता चेंडू खरोखर त्यांच्याकडे येणार असतो.

चेंडू येण्याआधी आजूबाजूला बघण्याची सवय वेगळी लावावी लागते, तीही रोज दहा मिनिटं. बारा मीटरवरून त्याला पास द्या. त्याच्या पाठीमागे डावी-उजवीकडे दोन मुलं बिब (सरावात घालायचं रंगीत बनियन) घेऊन उभी करा. चेंडू वाटेत असताना त्यातला एक बिब वर करेल. यानं पहिल्याच स्पर्शात उलट बाजूला वळायचं. सुरुवातीला तो चेंडू पायाखाली आल्यावर मान वळवेल, आणि तोवर उशीर झालेला असेल. दोनदा बघायला शिकवा : समोरचा पास मारण्याआधी एकदा, चेंडू घरंगळत असताना एकदा. शरीर अर्धं वळवलेलं, चेंडू घ्यायचा तो लांबच्या पायाने. तीन-चार आठवड्यांनी हेच सामन्यात मोजा. चेंडू मिळण्याआधीच्या पाच सेकंदांत त्यानं किती वेळा मान वळवली, ते बाकावरच्या एखाद्या मुलाला वहीत लिहायला सांगा.

आणि बाहेरून ‘पास दे, पास दे’ असं ओरडणं बंद. डाव थांबल्यावर एकच प्रश्न विचारा : ‘चेंडू येण्याआधी तुझ्या डावीकडे कोण होतं?’ उत्तर आलं नाही, तर पुढच्या डावात तो स्वतःच बघेल.

प्रश्न : माझा मुलगा पंधरा वर्षांचा. सकाळी अकादमी, दुपारी शाळेचा संघ, संध्याकाळी आमच्या पेठेतल्या तालमीचा ज्युनिअर फुटबॉल संघ. गुडघ्याच्या वाटीखाली हाड पुढे आलंय, जिना उतरताना आणि किक मारताना दुखतं. तालीम आता त्याला शाहू स्टेडियमवर सीनिअर संघात उतरवायचं म्हणते. टेप बांधून खेळला तर चालेल का?
— पालक, कोल्हापूर

उत्तर : टेप बांधून सीनिअर सामना खेळवू नका.

तुमच्या वर्णनावरून हा ऑसगुड-श्लॅटर वाटतो. खात्री अस्थिरोगतज्ज्ञांकडून करून घ्या. वाढत्या वयात हाडं झपाट्याने लांब होतात, मांडीचे स्नायू मागे राहतात. वाटीखालून जाणारा कंडरा (स्नायू हाडाला जोडणारा दोर) नडगीला जिथे जुळतो, तिथलं हाड अजून कच्चं असतं. प्रत्येक उडी, प्रत्येक जोरकस किक तिथे ओढ देते. मालीश करणारे तो उंचवटाच चोळून दाबतात. त्याने दुखणं वाढतं. सामन्याआधी वेदनाशामक गोळी घेणं त्याहून वाईट, कारण थांब म्हणणारी वेदनाच आपण गप्प करतो.

आता तास मोजा. मुलाचं जेवढं वय, तेवढे तास, आठवड्याला त्याहून जास्त संघटित खेळ नको, असा क्रीडावैद्यकातला ढोबळ नियम आहे, आणि एक दिवस पूर्ण सुट्टी. रोज तीन ठिकाणी दीड-दीड तास म्हणजे सहा दिवसांत सत्तावीस तास झाले. तिन्ही प्रशिक्षकांना एकमेकांचं वेळापत्रक बहुधा माहीतच नसतं. एक वही करा, तिघांना दाखवा, एक ठिकाण काही महिने बंद ठेवा. कोणतं, हे मुलाला विचारून ठरवा.

दुखणं शून्य ते दहामध्ये किती, हे त्याला रोज सांगू द्या. तीनपर्यंत आणि दुसऱ्या सकाळी गेलेलं असेल, तर हलका सराव चालतो. लंगडत असेल, तर त्या दिवशी मैदान नाही. वेगाच्या धावा, उड्या, लांबून शूटिंग आणि उन्हाळ्यात टणक झालेली माती टाळा. जवळचे पास, पहिला स्पर्श, दुसऱ्या पायाचं काम सुरू राहू शकतं. त्या पायासाठी एवढा निवांत वेळ एरवी मिळत नाही. सरावानंतर कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं बर्फ, मांडीचे सौम्य ताण, आणि दुखत नसेल तर भिंतीला टेकून खुर्चीसारखं तीस सेकंद बसणं, पाच वेळा. रात्री झोपेत दुखलं, गुडघा सुजला किंवा अडकला, ताप आला, तर लगेच डॉक्टर. वाढ पूर्ण झाली की वेदना बहुतेकांची जाते. उंचवटा राहू शकतो.

याच काळात खेळ बिघडल्यासारखा दिसतो. पाय लांब झालेत, अंदाज जुनाच आहे. म्हणून त्याला संघातून काढू नये, हे तालमीतही सांगा.

सीनिअरचं विचाराल, तर पंचवीस वर्षांच्या बचावपटूचा खांदा आणि पंधरा वर्षांचं कच्चं हाड यांची गाठ या हंगामात घालू नका. कोल्हापुरात तालमीचा शब्द मोडणं किती जड जातं, ते ठाऊक आहे. म्हणून मधला मार्ग मागा. गुडघा बरा झाल्यावर आठवड्यातून एकदा सीनिअरांबरोबर धक्काबुक्कीविना सराव, आणि सामन्याच्या दिवशी संघाबरोबर वॉर्मअप. तो वॉर्मअप फिफाच्या ‘इलेव्हन प्लस’ पद्धतीचा असला तर उत्तम : वीस मिनिटं, धावणं, ताकद-तोल आणि पुन्हा धावणं असे तीन भाग. आठवड्यातून किमान दोनदा नीट केला तर दुखापती कमी होतात. घाईत उरकला, उडीवरून उतरताना गुडघे आत वळू दिले, तर उपयोग नाही.

प्रश्न : तेरा वर्षांच्या मुलाला निवासी अकादमीत घालावं का? निवड कशी करावी?
— पालक, रत्नागिरी

उत्तर : कोल्हापूरचा अनिकेत जाधव लहान वयात घर सोडून पुण्यात शिकला आणि २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. वाट आहे, पण प्रत्येक अकादमी तिथे नेत नाही.

निवड चाचणीच्या दिवशी नव्हे, एखाद्या साध्या मंगळवारी न सांगता जा. सरावात प्रत्येक मुलाकडे चेंडू आहे की पंधरा जण रांगेत उभे आहेत, ते पाहा. प्रशिक्षकाकडे एआयएफएफचं (अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं) कोणतं लायसन्स आहे, फिजिओ रोज येतो की फोनवर, शाळा कुठे आणि हजेरी कोण बघतं, हे विचारा. गेल्या वर्षी ज्यांना परत पाठवलं, त्यांच्यापैकी दोन पालकांशी बोला. राखीव मुलांना सामन्यांत किती मिनिटं मिळतात, हेही त्यांनाच विचारा. जन्मतारीख ‘थोडी पुढे करू’ असं कुणी सुचवलं, तर तिथून उठा. मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय तपासतात. खोटेपणा सापडला तर बंदी मुलावर येते.

आणि निर्णयाआधी त्याला तिथे एक आठवडा राहू द्या. परत आल्यावर तो सरावाबद्दल किती बोलतो आणि जेवण-झोपेबद्दल किती, दोन्ही नीट ऐकून घ्या.