बावन्न जागा, बावन्न निवडणुका : कॅलिफोर्नियातल्या वाचकांचे प्रश्न

अमेरिकी काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहासाठी कॅलिफोर्नियातून ५२ प्रतिनिधी निवडले जातात. या निवडणुकीबद्दल वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काही निवडून इथे उत्तरं दिली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : कॅलिफोर्नियाच्या ५३ जागा होत्या, त्या ५२ कशा झाल्या? लोकसंख्या तर घटलेली नव्हती.

प्रतिनिधिगृहाच्या एकूण जागा ४३५ आहेत आणि हा आकडा कायद्यानं बांधलेला आहे. दर दहा वर्षांच्या जनगणनेनंतर त्या राज्यांमध्ये नव्यानं वाटल्या जातात. प्रत्येक राज्याला आधी एक जागा मिळते. उरलेल्या ३८५ जागा एका ठरलेल्या गणिती सूत्रानं, लोकसंख्येच्या प्रमाणात जातात. त्यामुळे तुमचं राज्य वाढलं की नाही यापेक्षा ते इतरांच्या तुलनेत किती वाढलं, हे महत्त्वाचं ठरतं. २०२० च्या जनगणनेत कॅलिफोर्निया वाढला, पण हळू. टेक्सस वेगानं वाढला आणि ३६ वरून ३८ वर गेला. कॅलिफोर्नियानं आपल्या इतिहासात पहिल्यांदाच एक जागा गमावली. त्याच वाटपात न्यूयॉर्कची एक जागा अवघ्या ८९ माणसांच्या फरकानं गेली.

एका मतदारसंघात सरासरी ७ लाख ६१ हजार माणसं येतात. ही मोजणी रहिवाशांची असते, नागरिकांची किंवा मतदारांची नव्हे. व्हिसावर आलेले, ग्रीन कार्डधारक, तान्ही मुलं, सगळे मोजले जातात. मताचा अधिकार नसलेल्या माणसानंही जनगणनेचा फॉर्म भरलाच पाहिजे, तो यासाठी.

प्रश्न : नकाशा आखायला स्वतंत्र आयोग आहे असं ऐकलं होतं. मग २०२५ मध्ये विधिमंडळानं तो कसा बदलला?

आयोग आहे. मतदारांनी २००८ मध्ये राज्य विधिमंडळाच्या आणि २०१० मध्ये काँग्रेसच्या मतदारसंघांची आखणी नागरिकांच्या आयोगाकडे दिली. त्यात १४ सदस्य असतात : ५ डेमोक्रॅट, ५ रिपब्लिकन आणि ४ या दोन्ही पक्षांबाहेरचे. २०२१ चा नकाशा याच आयोगाचा होता.

ऑगस्ट २०२५ मध्ये टेक्ससच्या विधिमंडळानं, जनगणना नसताना, रिपब्लिकन पक्षाला आणखी पाच जागा मिळाव्यात या हेतूनं नकाशा बदलला. त्याला उत्तर म्हणून कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानं डेमोक्रॅटिक पक्षाला पाच जागा जास्त मिळू शकतील असा नकाशा तयार केला. आखणी आयोगाकडे देणारी कॅलिफोर्नियाची स्वतःची राज्यघटना आडवी येत होती, म्हणून ४ नोव्हेंबर २०२५ ला ‘प्रस्ताव ५०’ मतदारांपुढे ठेवला गेला आणि तो मंजूर झाला. हा नकाशा २०२६, २०२८ आणि २०३० च्या निवडणुकांपुरता आहे. २०३० च्या जनगणनेनंतर आखणी पुन्हा आयोगाकडे जाईल.

पक्षाच्या फायद्यासाठी नकाशा वाकवणं संघराज्याच्या न्यायालयात का अडत नाही, असंही काहींनी विचारलं आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये अशा तक्रारी संघराज्याच्या न्यायालयांच्या कक्षेबाहेरच्या ठरवल्या. वंशाच्या आधारावर केलेली आखणी हा वेगळा मुद्दा आहे, त्यावर दावे चालतात.

नकाशा वाकवण्याच्या युक्त्या दोनच. विरोधकांची मतं एकाच मतदारसंघात कोंबायची, म्हणजे तिथे ते ८० टक्क्यांनी जिंकतात आणि वरची सगळी मतं वाया जातात. किंवा त्यांच्या वस्तीचे तुकडे करून ते शेजारच्या तीन-चार मतदारसंघांत वाटून टाकायचे, म्हणजे ते सगळीकडे ४५ टक्क्यांवर अडकतात. कॅलिफोर्नियातला बदल निदान मतदारांच्या संमतीनं झाला, टेक्ससमध्ये मतदारांना विचारलं गेलं नाही, हा फरक खरा आहे. तरीही मतदारांच्या दृष्टीनं आयोगाचा नकाशाच चांगला, असं आमचं स्पष्ट मत आहे. ज्याला उद्या निवडून यायचं आहे त्याच्या हाती सीमारेषा असू नये.

तुमच्यासाठी कामाची गोष्ट अशी की जुन्या क्रमांकावर विसंबू नका. ४१ वा मतदारसंघ पूर्वी रिव्हरसाइड काउंटीत होता, नव्या नकाशात तो लॉस एंजेलिस काउंटीत गेला आहे. ईशान्येच्या डोंगराळ भागातला पहिला मतदारसंघ आता थेट सँटा रोझापर्यंत आला आहे. राज्याच्या किंवा काउंटीच्या निवडणूक कार्यालयाच्या संकेतस्थळावर घराचा पूर्ण पत्ता टाकून बघा. नुसत्या पिनकोडवर जाऊ नका, एका पिनकोडात दोन मतदारसंघ येऊ शकतात. आणि नव्या नकाशावर निवडून आलेला सदस्य ३ जानेवारी २०२७ ला शपथ घेईपर्यंत तुमचा प्रतिनिधी जुन्या नकाशाप्रमाणेच असेल. पासपोर्ट किंवा इमिग्रेशनचं काम अडलं असेल तर त्याच्याच कार्यालयात जायचं.

प्रश्न : नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर दोन्ही उमेदवार एकाच पक्षाचे कसे?

कॅलिफोर्नियात २०१२ पासून पहिल्या दोघांची पद्धत आहे. प्राथमिक फेरीत (ती एरवी जूनमध्ये, पण अध्यक्षीय निवडणुकीच्या वर्षी आता मार्चमध्ये होते) सगळ्या पक्षांचे उमेदवार एकाच यादीत असतात आणि कुठलाही मतदार त्यांतल्या कुणालाही मत देऊ शकतो. सर्वाधिक मतांचे दोघे नोव्हेंबरला समोरासमोर येतात, मग पक्ष कोणताही असो. जूनमध्ये एखाद्याला ६० टक्के मतं पडली तरी तो तिथेच निवडून येत नाही, नोव्हेंबरची फेरी होतेच. आणि नोव्हेंबरला मतपत्रिकेवर तिसरं नाव हातानं लिहून ते मोजलं जात नाही. ती सोय फक्त प्राथमिक फेरीत आहे.

नावापुढे छापलेला पक्ष म्हणजे उमेदवारानं स्वतः नोंदवलेली पसंती. पक्षानं त्याला तिकीट दिलं आहे असा त्याचा अर्थ नाही. पक्षाचा पाठिंबा कुणाला आहे हे वेगळं तपासावं लागतं.

या पद्धतीत मोठा धोका मतविभागणीचा. २०१२ मध्ये सॅन बर्नार्डिनो भागातल्या ३१ व्या मतदारसंघात चार डेमोक्रॅट आणि दोनच रिपब्लिकन उभे होते. जूनमध्ये रिपब्लिकन मतदार तुलनेनं जास्त बाहेर पडले, डेमोक्रॅटांची मतं चौघांत फुटली आणि पहिले दोन्ही क्रमांक रिपब्लिकनांनी घेतले. त्याच नोव्हेंबरात या मतदारसंघात बराक ओबामा मोठ्या फरकानं पुढे होते, पण प्रतिनिधिगृहासाठी डेमोक्रॅट मतदाराकडे आपला उमेदवारच नव्हता. जूनमध्ये तिसरे आलेले पीट अ‍ॅग्विलार २०१४ मध्ये तिथूनच निवडून आले. आपल्या पक्षाचे उमेदवार खूप असतील तर जूनपूर्वी मतचाचण्या आणि पाठिंबे बघूनच मत ठरवा. एकतर्फी मतदारसंघांत खरी निवड बहुतेक वेळा जूनमध्येच होऊन जाते, आणि नेमकं तेव्हाच मतदान कमी असतं. आम्हाला यातली सर्वांत मोठी चूक हीच वाटते.

प्रश्न : २०२४ मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवारांना राज्यभर मिळून सुमारे ६० टक्के मतं पडली, पण ५२ पैकी ४३ जागा मिळाल्या. हा हिशेब कसा?

४३ म्हणजे सुमारे ८३ टक्के जागा. तफावत मोठी आहे, पण ६० या आकड्यावर फार भार टाकू नका. १६ व्या मतदारसंघात सॅम लिकार्डो आणि इव्हान लो हे दोन्ही डेमोक्रॅट समोरासमोर होते, म्हणजे तिथली सगळी मतं एकाच पक्षाच्या खात्यात गेली. २० व्या मतदारसंघात दोन्ही उमेदवार रिपब्लिकन, तिथे उलट झालं. शिवाय मतदारसंघांची लोकसंख्या सारखी असली तरी मतदारांची संख्या सारखी नसते. सेंट्रल व्हॅलीतल्या १३ व्या मतदारसंघात सुमारे २ लाख १० हजार मतं पडली, तर उत्तर किनाऱ्यावरच्या दुसऱ्या मतदारसंघात साडेतीन लाखांहून अधिक. मुलांचं आणि नागरिकत्व नसलेल्यांचं प्रमाण जिथे जास्त, तिथे कमी मतांत जागा जिंकता येते.

उरलेलं काम पद्धत करते. एका जागेला एकच विजेता असला की राज्यभर पसरलेल्या मोठ्या पक्षाला मतांपेक्षा जास्त जागा मिळतात, नकाशा कितीही प्रामाणिक असला तरी. २०२४ चा नकाशा आयोगाचाच होता. त्यामुळे ‘मतं इतकी, जागा इतक्या’ एवढ्यावरून नकाशा वाकवला असं सिद्ध होत नाही. कमी फरकाच्या जागा कोणत्या आणि त्या कुणाकडे गेल्या, हे बघावं.

प्रश्न : निवडणुकीच्या रात्री पुढे असलेला उमेदवार तीन आठवड्यांनी हरतो. यात काही काळंबेरं नसतं का?

नसतं. मतं कोणत्या क्रमानं मोजली जातात ते समजून घ्या. प्रत्येक नोंदणीकृत सक्रिय मतदाराला टपालानं मतपत्रिका जाते. लवकर परत आलेली पाकिटं आधीच तपासून ठेवता येतात, पण आकडे रात्री आठनंतरच जाहीर होतात. म्हणून पहिला आकडा लवकर मत देणाऱ्यांचा असतो. मग मतदान केंद्रांवरची मतं. शेवटच्या दिवशी पेटीत टाकलेली आणि नंतर टपालानं पोहोचलेली पाकिटं त्यानंतर. सर्वांत शेवटी त्याच दिवशी नाव नोंदवलेल्यांची आणि हंगामी मतं (म्हणजे पात्रता तपासेपर्यंत बाजूला ठेवलेली), कारण त्या प्रत्येकाची नोंदणी तपासावी लागते.

प्रत्येक पाकिटावरची सही नोंदणीतल्या सहीशी जुळवली जाते. पटली नाही तर मतदाराला कळवून दुरुस्तीची संधी द्यावी लागते. यंत्रानं मोजलेल्या मतांपैकी एक टक्का हातानं पुन्हा मोजून ताळा घेतात. काउंट्यांना हे सगळं संपवायला ३० दिवस असतात. शेवटी येणारे मतदार बरेचदा तरुण आणि भाडेकरू असतात, म्हणून आकडा एका बाजूला सरकतो. २०२४ मध्ये ४५ व्या मतदारसंघात मिशेल स्टील रात्री पुढे होत्या, डेरेक ट्रॅन ६५३ मतांनी जिंकले. १३ व्यात जॉन डुआर्टे पुढे होते आणि अ‍ॅडम ग्रे १८७ मतांनी जिंकले. याच दोघांच्या २०२२ च्या लढतीत डुआर्टे ५६४ मतांनी जिंकले होते.

वृत्तसंस्थेनं विजेता घोषित करणं हा अधिकृत निकाल नव्हे. तो काउंट्यांनी आणि त्यानंतर राज्यानं प्रमाणित केल्यावरच होतो.

प्रश्न : इतका कमी फरक असेल तर फेरमोजणी आपोआप होते का?

प्रतिनिधिगृहाच्या जागेसाठी कॅलिफोर्नियात होत नाही. कुणीतरी ती मागावी लागते. कोणताही मतदार मागू शकतो, उमेदवारच हवा असं नाही. मुदत पाच दिवसांची. खर्च मागणाऱ्यानं करायचा आणि प्रत्येक दिवसाची रक्कम काम सुरू होण्याआधी भरायची. निकाल मागणाऱ्याच्या बाजूनं फिरला तरच पैसे परत मिळतात.

२०२४ च्या प्राथमिक फेरीत १६ व्या मतदारसंघात लिकार्डो पहिले आले आणि दुसऱ्या जागेवर लो आणि जो सिमिटियन यांना प्रत्येकी ३०,२४९ मतं पडली. कायद्याप्रमाणे बरोबरी झाली तर तिघंही नोव्हेंबरला जातात, आणि तसंच ठरलंही. मग एका मतदारानं फेरमोजणी मागितली. नवे आकडे आले लो ३०,२६१, सिमिटियन ३०,२५६. सिमिटियन पाच मतांनी बाहेर गेले. फेरमोजणीत आधी नाकारलेली काही पाकिटं पुन्हा तपासली जातात, म्हणून दोघांचेही आकडे वाढू शकतात.

प्रश्न : टपालानं पाठवलेलं मत कशामुळे बाद होतं?

मुख्य कारणं तीन : पाकिटावर सही नसणं, सही न जुळणं आणि उशीर. नवराबायकोनं चुकून एकमेकांच्या पाकिटावर सही करणं ही घरोघरची चूक आहे. परवान्यावर वीस वर्षांपूर्वी केलेली सही आज बदललेली असेल तर नोंदणी नव्यानं भरून टाका, दहा मिनिटांचं काम आहे.

पाकिटावर मतदानाच्या दिवसाचा किंवा आधीचा टपालाचा शिक्का हवा आणि ते सात दिवसांत पोहोचायला हवं. शेवटच्या दिवशी रस्त्यावरच्या टपालपेटीत टाकलेल्या पाकिटावर दुसऱ्या दिवशीचा शिक्का बसू शकतो. त्यामुळे शेवटच्या दोन-तीन दिवसांत निवडणूक कार्यालयाची अधिकृत पेटी वापरा, ती मतदानाच्या दिवशी रात्री आठपर्यंत उघडी असते. नाहीतर पोस्टाच्या खिडकीवर जाऊन समोर शिक्का मारून घ्या. तिकीट लावायची गरज नाही.

आणखी एक, नागरिक नसलेल्यांसाठी : वाहन परवान्याच्या फॉर्मवर मतदार नोंदणीचा रकाना येतो, तिथे चुकूनही ‘नागरिक आहे’ अशी खूण करू नका. पुढे नागरिकत्वाच्या अर्जात ती अतिशय महाग पडते.

प्रश्न : उमेदवार होण्यासाठी काय लागतं? मतदारसंघात राहायला हवं का?

वय किमान २५, सात वर्षांचं नागरिकत्व आणि निवडून येताना त्या राज्यात वास्तव्य, एवढंच अमेरिकेची राज्यघटना मागते. जन्मानं नागरिक असण्याची अट नाही. मतदारसंघातच राहण्याचीही नाही, आणि राज्य आपल्या मर्जीनं जास्तीची अट घालू शकत नाही. कॅलिफोर्नियात अर्जाचं शुल्क खासदाराच्या वार्षिक पगाराच्या एक टक्का असतं. पगार १,७४,००० डॉलर, म्हणजे शुल्क १,७४० डॉलर. सोबत ४० ते ६० मतदारांच्या सह्या लागतात. साठच्या जवळपास गोळा करा, कारण तपासणीत काही सह्या गळतातच : कुणी पत्ता अर्धवट लिहितो, कुणी शेजारच्या मतदारसंघात राहतो.

प्रश्न : आमची मुलगी टेक्ससमध्ये आहे. तिथेही हेच नियम का?

नाही. मतदानाचा दिवस सगळीकडे एकच, सम वर्षातल्या नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार. बाकी बरंच राज्यागणिक बदलतं. टेक्ससमध्ये पक्षांच्या प्राथमिक निवडणुका वेगवेगळ्या आणि मार्चमध्ये होतात. कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांत मे महिन्यात पुन्हा मतदान होतं. मार्चमध्ये एका पक्षाच्या निवडणुकीत मत दिलेल्याला मेमध्ये दुसऱ्या पक्षाच्या फेरीत मत देता येत नाही. आणि टपाली मतपत्रिका सरसकट घरी येत नाही, ती ६५ किंवा त्याहून अधिक वयाचे, आजारी, काउंटीबाहेर असलेले अशा ठरावीक मतदारांनाच, अर्ज केल्यावर मिळते. नोंदणीही मतदानाच्या ३० दिवस आधी झालेली असावी लागते. कॅलिफोर्नियातून नुकतंच तिकडे गेलेलं माणूस इथल्या सवयीनं थांबून राहतं आणि ती तारीख हुकते.